ज्यूरीतून सुटका

रविवारच्या जेवणाला व्याही हिलारियो येणार की नाही, हे झेलिंकांच्या घरात सकाळपासून कोणी तोंडाने विचारलं नव्हतं. लोरेटाने मात्र त्याचं ताट मांडलं, उचललं आणि पुन्हा मांडलं. एल्डन दाराशी बाकावर बूट काढत बसला होता आणि बायकोचा हा खेळ बघत होता. बूट काढायला एवढा वेळ त्याला सत्तर वर्षांत कधी लागला नव्हता.

"ये आता आत," लोरेटा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बाहेर बसून कोणी लहान होत नाही."

बाहेर बागेत मुलाने, ड्वेनने, झाडं हलवून चेरी पाडणारं शेकर यंत्र बंद केल्याचा आवाज आला. चेरीच्या हंगामात रविवार पाळायची चैन आमच्या मिशिगनच्या या टोकाला देवालाही परवडत नाही, पण दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यायचं, एवढं लोरेटाने चाळीस वर्षं टिकवलं होतं. आजही तिने दोन कोंबड्या भाजल्या होत्या, नवे बटाटे उकडले होते आणि खसखशीच्या सारणाच्या गोल पावांनी अख्खं फडताळ भरलं होतं. काळजी वाढली की ती पीठ मळायला घेते. या आठवड्यात घरात पीठ उरलं नव्हतं.

गुरुवारी जे झालं ते एव्हाना काउंटीभर झालं होतं. साठेक माणसांनी ते कोर्टात बसून ऐकलं होतं, आणि आमच्याकडे साठ माणसं म्हणजे वर्तमानपत्रच.

खटल्याचा निकाल द्यायला साध्या नागरिकांतलेच बारा जण बसवतात, त्या ज्यूरीचं हे बोलावणं एल्डनला दुसऱ्यांदा आलं होतं. पहिल्या खेपेला त्याने हंगामाचं कारण सांगून पुढची तारीख मागून घेतली, आणि ती नेमकी पुढच्या हंगामात येऊन पडली. कचेरीतली बाई फोनवर म्हणाली, "एकदाच पुढे ढकलता येतं, मिस्टर झेलिंका. आता यावंच लागेल." आदल्या संध्याकाळी कोर्टाच्या नंबरावर फोन करायचा, रेकॉर्ड केलेला आवाज कोणत्या गटाने यायचं ते सांगतो. एल्डनच्या गटाने यायचं होतं. आणि झाडांवर आंबट चेरी अशा आल्या होत्या की चार दिवस उशीर झाला तर त्या वाऱ्याच्या मालकीच्या.

"बाबा, कसंही करून सुटून या," ड्वेन म्हणाला होता. "शेकर मी चालवीन, पण टाक्यांवर कोण बघणार?"

कसंही म्हणजे कसं, ते वजनकाट्यावरच्या रांगेत शेजारच्या बागवाल्याने शिकवलं. "जज्जला सांग, मी निःपक्षपाती राहू शकणार नाही. दुपारच्या जेवणाला घरी येतोस की नाही बघ. माझा मेहुणा असाच सुटला."

एल्डन पहाटे, उतरलेल्या चेरी थंड ठेवायच्या टाक्यांत पाणी सोडून गेला, त्यामुळे पोचायला उशीर झाला. सगळे उभे राहून उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घेत होते, तेव्हा तो मागच्या दाराने शिरला आणि तिथेच हात वर करून उभा राहिला. कोण कोण आलंय हे बघायला सवड मिळाली नाही. कारकुनाने डब्यातून नावाच्या चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली आणि पाचवं नाव त्याचंच निघालं. तो जाऊन ज्यूरीच्या खुर्चीत बसला. आरोपी समोरच होता. टेक्ससहून हंगामाला आलेला एक तरुण मजूर, अंगात उसना वाटावा असा कोट. त्याने एका बागवाल्याचा ट्रक पळवला, असा खटला होता. किल्ली ट्रकमध्येच होती. आमच्याकडे सगळ्यांच्याच किल्ल्या ट्रकमध्ये असतात.

जज्जबाईंनी विचारलं, "या खटल्यात आपल्याला निःपक्षपाती राहता येणार नाही, असं कोणाला वाटतं का?"

एल्डनने हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते अगदी शब्दशः.

त्याला वाटलं होतं, एवढ्यावर सुटका होईल. पण आरोपीची वकील, एक तरतरीत तरुण बाई, उठून त्याच्यापाशी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "का बरं, मिस्टर झेलिंका?"

"माझा या लोकांवर विश्वास नाही."

"कोणत्या लोकांवर?"

"हेच. टेक्ससहून हंगामाला येतात ते."

"काही अनुभव आलाय का?"

"चाळीस वर्षं माझ्या बागेत येतायत."

"कधी काही चोरीला गेलं?"

"नाही."

"मग?"

इथे त्याने खांदे उडवून गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून पुढचं वाक्य असं सरळ निघालं की जणू ते कधीचं तयार होतं. "जात नाही, कारण मी ट्रकच्या चाव्या काढून घरात ठेवतो. वर्षभर ट्रकमध्ये असतात. जुलै लागला की घरात."

कोणी हसलं नाही. जज्जबाईंनी चष्मा काढला. "थँक यू, मिस्टर झेलिंका. आपण जाऊ शकता."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणत एल्डन दाराकडे निघाला. मनात टाक्यांचं पाणी होतं. मागे कारकुनाने त्याच्या जागेसाठी पुढची चिठ्ठी काढली आणि नाव वाचलं. "हिलारियो कांतू."

एल्डन वळला. तिसऱ्या ओळीतून त्याचा व्याही उठत होता, तोही एकेकाळी टेक्ससहून हंगामालाच आलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ड्वेनच्या लग्नातला टाय. गेल्या शरदात हिलारियोने नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा लोरेटाने केक केला होता, आणि हिलारियो म्हणाला होता, आता मला ज्यूरीला बोलावतील. सगळे त्याला हसले होते, की बाबा रे, लोक त्यातून पळतात. बोलावणं आल्याचं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. तो एल्डनच्या जवळून गेला, मान किंचित हलवली, आणि जाऊन एल्डनने सोडलेल्या खुर्चीत बसला.

एल्डन घरी येऊन टाक्यांवर उभा राहिला आणि त्याने कोणालाही काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. शुक्रवारी बँकेच्या काउंटरवर एका बाईने ड्वेनच्या बायकोचा, मारिसेलाचा, हात धरून म्हटलं, "किती गं सहन करतेस तू."

मारिसेला आता दोन्ही मुलांना घेऊन आत आली. मुलं आजोबांच्या गळ्यात पडून मागच्या झोक्याकडे पळाली. ती मात्र कोपऱ्यातल्या फडताळाला टेकून उभी राहिली, बसली नाही. तिच्यामागून ड्वेन आला, हात धुतले, आणि पुसायचा टॉवेल हातात धरूनच राहिला. शेवटी नाडीन आली. एल्डनची ही थोरली लेक शाळेत शिकवते आणि घरीही शिकवते.

"बाबा," नाडीनने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, "माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया मला फोन करून विचारतायत. मी काय सांगू?"

"सांग, की माझ्या बापाच्या झाडांवर माल होता," लोरेटा म्हणाली. "तो सुटायला काहीतरी बोलला. ज्यूरीतून सुटायला लोक काय काय नाही बोलत? तुझा मामा बहिरा झाला होता. कोर्टातून बाहेर आला आणि ऐकायला लागला."

"मामा बहिरा झाला. त्याने कोणाला चोर नाही म्हटलं."

"मीच म्हटलं होतं त्यांना," ड्वेन टॉवेलकडे बघत म्हणाला. "कसंही करून या, असं."

"झालं. आता तू घे अंगावर," नाडीन म्हणाली. "या घरात बाबांची प्रत्येक गोष्ट कोणीतरी दुसराच अंगावर घेतो. आई तरी, तू तरी."

"तू वर्षातले दहा महिने इकडे फिरकत नाहीस आणि जुलैत येऊन न्यायनिवाडा करतेस," ड्वेन भडकला. "तुझ्यापेक्षा जास्त लागलंय ते मला. माझी बायको आहे ती."

"मग तिला विचार ना, तिला काय वाटतं."

सगळ्यांनी मारिसेलाकडे बघितलं. ती एल्डनकडे बघत होती. या घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली होती, आणि पहिल्या वर्षी लोरेटाच्या बहिणी तिच्याशी मोठ्या आवाजात, सुटे सुटे शब्द करून बोलायच्या, तेव्हा एल्डनच त्यांना म्हणाला होता, की ती इथल्याच शाळेत शिकलीय, तुमच्यापेक्षा बरी बोलते. ते ती विसरली नव्हती. एल्डनही विसरला नव्हता. या तीन दिवसांत तो ते स्वतःला सारखं सांगत होता.

"एल्डन," ती म्हणाली, "मला एवढंच सांगा. ते खोटं होतं ना?"

स्वयंपाकघरात फक्त शेगडीवरचं पाणी उकळत होतं. लोरेटाने शेगडी बंद केली.

"खोटंच होतं गं," एल्डन म्हणाला. "बागेसाठी बोललो."

मारिसेलाने श्वास सोडला. "शपथ घेऊन खोटं बोललात तुम्ही. शरम वाटायला पाहिजे."

"वाटते."

"वाटलीच पाहिजे," ती म्हणाली, पण आवाज उतरला होता. तिने खुर्ची ओढली आणि बटाट्यांचं भांडं स्वतःकडे घेतलं. ड्वेनने टॉवेल खिळ्याला लावला. नाडीनलासुद्धा पर्स ठेवायला जागा सापडली. खोटं बोलणारा बाप सगळ्यांना चालण्यासारखा होता.

एल्डनला मात्र ठाऊक होतं, की कोर्टात तो खोटं बोलायला गेला होता आणि बोलला मात्र खरं. आणि आता इथे, सुनेसमोर, खरं बोलायची वेळ आली तेव्हा खोटं बोलला.

हिलारियो आला तेव्हा पाव फिरत होते. तो चर्चमधून सरळ आला होता. हातात घरच्या मिरच्यांच्या लोणच्याची बाटली होती. ती त्याने नेहमीप्रमाणे एल्डनच्या ताटाशी ठेवली, मुलीच्या, मारिसेलाच्या, डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या जागी बसला. बसता बसता खिशातून निळा बिल्ला काढून नीट आतल्या खिशात सरकवला. त्यावर 'ज्यूरर' असं लिहिलेलं होतं.

"घेतलं का आपा तुम्हाला?" मारिसेलाने वडिलांना विचारलं.

"घेतलं. उद्या पुन्हा नऊला."

"केस कशी आहे?" नाडीनने विचारलं.

"सांगता येत नाही."

"अहो, इथे घरात कोण आहे परकं?" लोरेटा म्हणाली. "तुम्ही आपले खुशाल बोला."

"जज्जबाई म्हणाल्या, घरात तर अजिबात नाही." हिलारियोने पाव फोडला. "म्हणाल्या, नवरा-बायकोत सगळ्यात आधी फुटतं. मी म्हटलं, मला बायको उरली नाही, मी सुरक्षित आहे. त्या हसल्या."

सगळेही हसले, जरा जास्तच. एल्डनने लोणच्यातली मिरची तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी यायला तेवढं निमित्त पुरलं. जेवणभर हिलारियो हवेबद्दल बोलला, शाळेच्या बसगाड्यांबद्दल बोलला. त्या दुरुस्त करायची नोकरी त्याला लागली त्याआधी अकरा उन्हाळे तो याच बागेत राबला होता. कोणती झाडं केव्हा लावली हे ड्वेनपेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं, आणि आजही त्याने विचारलं, की उतारावरच्या जुन्या ओळीला यंदा कसा माल आहे.

जेवण झाल्यावर एल्डन त्याच्यामागून ओसरीवर गेला.

"हिलारियो, गुरुवारी मी जे—"

"नको." हिलारियोने तळहात उभा धरला. "तिथे जे बोललं गेलं ते खटल्यातलं आहे. संपेपर्यंत मला त्यावर बोलता येत नाही, ऐकताही येत नाही."

"मला फक्त माफी—"

"तेही नाही, एल्डन. मी हात वर करून सांगितलंय." तो मुलांना झोके द्यायला निघून गेला.

एल्डनला आधी हायसं वाटलं. मग कळलं, की ही त्याहून वाईट शिक्षा झाली. माफी मागितली की माणूस मोकळा होतो, समोरच्याने चार शब्द सुनावले की आणखी मोकळा होतो. इथे कायद्यानेच तोंड बंद. पुढचे दिवस त्याने टाक्यांवर काढले. लाल चेरी थंड पाण्यात पडत होत्या, ट्रक भरून जात होते, माल असा होता की लोक बघायला येत होते. वजनकाट्यावर तो शेजारचा बागवाला डोळा मारून म्हणाला, "बघ, सुटलास की नाही?" एल्डनने मान वळवली. आपण ज्या लोकांमध्ये उभे आहोत त्यांतल्या कोणालाही आपल्या बोलण्याचं काही वाटलेलं नाही, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

बुधवारी दुपारी ड्वेन काट्यावरून बातमी घेऊन आला. "दोषी ठरवला त्या पोराला. बाराही जणांचं एकमत."

एल्डनच्या मनात पहिलं आलं ते असं, की म्हणजे माझं काही फारसं चुकलं नव्हतं. अर्धा क्षण त्याला बरंसुद्धा वाटलं. आणि मग त्या बरं वाटण्याची अशी लाज वाटली की तो टाकीच्या कडेला हात टेकून उभा राहिला. ड्वेनने विचारलं, ऊन लागलं का. तो हो म्हणाला.

संध्याकाळी ऊन अजून उतारावर असतानाच हिलारियोची गाडी आली. स्वयंपाकघरात लोरेटा आणि मारिसेला चेरीच्या बिया काढत बसल्या होत्या, ड्वेन त्यांची चेष्टा करत होता. खिडकीतून हसणं ऐकू येत होतं. हिलारियो घरात न जाता सरळ टाक्यांकडे आला. टाय काढलेला होता.

"आता बोलता येतं," तो म्हणाला.

"ऐकलं मी. दोषी."

"त्या मुलाने ट्रक नेला होता. मालकाने परवानगी दिली म्हणत होता. ती दिलेली नव्हती. मी दोनदा साक्ष पुन्हा वाचून घ्यायला लावली, बाकीचे कंटाळले. मग मीही दोषी म्हटलं."

"बरोबर केलंस."

"ते मला ठाऊक आहे. त्यासाठी नाही आलो." हिलारियोने टाकीतल्या पाण्यावर तरंगणारं एक पान काढून टाकलं, अकरा उन्हाळ्यांची सवय. "तुम्ही गेलात आणि मला तुमच्या खुर्चीत बसवलं. त्या वकील बाईने विचारलं, आत्ता गेले त्यांना ओळखता का? म्हटलं, माझ्या मुलीचे सासरे आहेत. सगळं कोर्ट माझ्याकडे बघायला लागलं."

एल्डनने टाकीचा नळ बंद केला.

"मग तिने विचारलं, ते बोलले त्यावर तुम्हाला काय वाटतं? शपथेवर होतो मी. आयुष्यात दुसऱ्यांदा. मी म्हटलं, मॅडम, हा माणूस तसा नाही. मी याच्याकडे काम केलंय, माझी मुलगी याच्या घरात सुखात आहे. झाडांवर चेरी आहेत म्हणून खोटं बोलला बिचारा. जज्जबाई म्हणाल्या, ठीक आहे, बसा."

"हिलारियो..."

"थांबा. या दिवसांत आम्हाला एकच काम होतं. समोर बसलेला माणूस खरं बोलतो की खोटं, ते ओळखायचं. जज्जबाई म्हणायच्या, नुसतं काय बोलतो ते बघू नका, कसं बोलतो तेही बघा. मी त्या साक्षीदारांना बघत होतो आणि मध्येच तुम्ही आठवायचा. खोटं बोलायचं ठरवून आलेला माणूस जरा अडखळतो. तुम्ही पहिल्या दोन उत्तरांना अडखळलात. चाव्यांचं बोलताना नाही अडखळलात." त्याने हात पँटला पुसले. "म्हणून विचारायला आलो. मी कोर्टात खरं बोललो का, एल्डन?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. रविवारी सुनेला म्हटलं तेच पुन्हा म्हणायचं. हा माणूस ते मानायलाच आला होता, मनापासून मानायची तयारी करून आला होता, हे एल्डनला त्याच्या उभं राहण्यातच दिसत होतं.

"नाही," एल्डन म्हणाला.

हिलारियोने मान हलवली. मग विचारलं, "मी बागेत होतो तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

"पहिल्या वर्षी समजू शकतो. अकराच्या अकरा?"

"हो."

"मला वाटायचं, तुमची पोरं लहान आहेत म्हणून चाव्या काढून ठेवता. मी ते माझ्या बायकोलाही सांगितलं होतं. म्हटलं, बघ, किती काळजी घेतात मुलांची." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर एल्डनला तेवढाच आधार झाला असता. "मारिसेलाला मी काही सांगणार नाही. तुम्ही खोटं बोललात असं तिला वाटतंय, आणि तेवढ्यावर तिने भागवलंय. तसंच राहू द्यायचं असलं तर राहू द्या, तुमचं घर आहे. पण मग मला तुमच्या टेबलाशी बसता येणार नाही. तुमच्या बाजूने मी एकदा बोललो. दुसऱ्यांदा मला जमणार नाही."

तो गाडीकडे गेला. मुलीला हाक न मारता गेला, असं आजवर कधी झालं नव्हतं. गाडीचा आवाज ऐकून मारिसेला चेरीने लाल झालेले हात घेऊन दाराशी आली.

"आपा होते ना? जेवायला नाही थांबले?"

"नाही."

"काय म्हणाले?"

तिच्यामागे ड्वेन काहीतरी चघळत उभा होता. लोरेटाने आतूनच नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. चाळीस वर्षं संसार केलेली बाई. तिने अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून. तिचं म्हणणं त्याला कळलं. घर शांत होतं, सून हसत होती, माल उतरत आला होता. आणखी एखादं वर्ष गेलं असतं तर लोकही विसरले असते.

एल्डन पायऱ्या चढून वर आला. "जरा बस, मारिसेला," तो म्हणाला.

"काय झालं?"

"तू मला रविवारी विचारलं होतंस ना. मी त्या दिवशी कोर्टात खोटं बोललो नव्हतो."